दुसरं रीळ

१० फेब्रुवारी १९८७

केळुसकर आज दुपारच्या एस.टी.नं आला. दाढी तशीच, झोळी तीच. सिनेमा पुरा झाला म्हणाला. रिळांचे डबे बरोबरच आणले आहेत.

मला आनंद व्हायला हवा होता. गेल्या मे महिन्यात कारखान्याच्या वसतिगृहातल्या माझ्या दोन मुली त्यानं मुंबईला नेल्या आणि सोबत म्हणून मी गेले. दोघी तेव्हा अकरावी होऊन बारावीत जाणाऱ्या. शिवलीला ही उमरग्याचे अडत व्यापारी वीरप्पा यांची मुलगी, आमच्याच लिंगायत समाजातली. संघमित्रा ज्ञानोबाची. तो इथं साखर कारखान्यात बॉयलरवर आहे, घर बौद्ध. केळुसकर आला होता सहकारावर माहितीपट काढायला. ते सोडून तो आमच्या आडावर बसून राहिला, कारण या दोघी एका दोरानं पाणी शेंदत होत्या आणि शेंदता शेंदता भांडत होत्या. सिनेमाही तेवढाच. दोन मुली मुंबईत नातेवाइकाकडे राहतात, फिरतात, भांडतात, अबोला धरतात, पुन्हा बोलतात. गाणं नाही, मारामारी नाही. नावंसुद्धा त्यानं खरीच ठेवली. वीरप्पा आणि ज्ञानोबा, दोघांनीही मुली पाठवल्या त्या ‘बाई बरोबर आहेत ना’ एवढ्यावर.

चहा पिताना केळुसकर म्हणाला, “बाई, सगळ्यात चांगला प्रसंग तुम्ही पाहिलाच नाही. त्या दिवशी तुम्हाला ताप होता. समुद्राच्या कठड्यावर शिवलीला गळ्यातलं लॉकेट काढते आणि संघमित्राच्या गळ्यात घालते. मी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सुचलं.”

“कसलं लॉकेट?”

“चांदीचं. दोऱ्यात असतं ना नेहमी तिच्या.”

मी कप खाली ठेवला. ते लॉकेट नव्हे. त्या डबीत आमचं इष्टलिंग असतं. पाळण्यातल्या मुलाच्याही अंगावर ते बांधतात आणि मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. मुंबईच्या माणसाला हे कसं ठाऊक असणार? पण शिवलीलाला ठाऊक होतं.

रविवारी २२ तारखेला कारखान्याच्या साखर गोदामात खेळ ठेवला आहे. ऊसच नसल्यानं गाळप जानेवारीत आटोपलं, गोदाम बरंचसं रिकामं आहे आणि आत भर दुपारीही अंधार असतो. वीरप्पा येणार. शिवलीलाचं लग्न ज्यांच्या मुलाशी ठरलं आहे ते गुरुलिंगअप्पा आणि त्यांच्या आई इरम्मा, तेही येणार. सून पडद्यावर कशी दिसते ते पाहायची हौस.

पडद्यावर त्यांना काय दिसणार, हे या क्षणी फक्त मला माहीत आहे.

११ फेब्रुवारी

शिवलीलाला खोलीत बोलावलं आणि दार लावून विचारलं. तिनं काहीही लपवलं नाही. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही.

“तिचा गळा मोकळा दिसत होता बाई. घातली.”

“आणि लिंग?”

“हातात.” तिनं डावा तळहात पुढं केला. “डबीतून काढून मुठीत धरलं होतं. पूजेला हातावरच घेतो की आपण. अंगावेगळं कुठं झालं?”

“हे पडद्यावर कुणाला कळणार आहे?”

“नाही कळलं तर मी सांगीन.”

“तू काही सांगायचं नाहीस.”

“बसवजयंतीला सगळे सारखे म्हणून भाषण तर तुम्हीच करता की बाई.”

एक ठेवून द्यावीशी वाटली. ठेवली नाही. मुलगी हुशार आहे, पण हुशारीनं आजवर कुणाचं घर वाचलेलं मी पाहिलं नाही.

संघमित्राला बोलावलं नाही. तिला विचारण्यासारखं काही नव्हतं. ती समजूतदार आहे, गप्प राहते. जेवणाच्या पंगतीत जाता जाता एवढंच सांगितलं की खेळाच्या दिवशी मागं बस. “बरं बाई,” म्हणाली. कारण विचारलं नाही, त्यानं मला हायसं वाटलं.

१४ फेब्रुवारी

टँकर आजही आला नाही. आडाचा तळ दिसतो. मुलींची अंघोळ एक दिवसाआड केली आहे, तीही एका बादलीत दोघींनी. कुरकुर करणारीला मी सांगितलं की घरी जा, तिथं ती बादलीही मिळणार नाही.

स्वयंपाकाच्या पुतळाबाई म्हणाल्या, “बाई, काल कोठीच्या किल्ल्या तुमी पिठाच्या डब्यात ठिवल्या. म्या भाकरी थापताना घावल्या. जीव कुठं हाय तुमचा?”

जीव शेजारच्या गावात आहे. दोन वर्षांपूर्वी तिथं एका बौद्ध पोरानं वरच्या आळीतल्या आडाला घागर लावली आणि तिसऱ्या दिवशी बौद्धांच्या गल्लीतलं एकही दार धड राहिलं नाही. कौलं फुटली, बायका दोन रात्री उसात बसल्या. ते पाण्यावरून. इथं तर देवाची गोष्ट आहे. वीरप्पाचे दोन भाऊ तापट आहेत. शिवलीलाला ते काय करतील? शाळेतून काढतील, लग्न उरकतील. संघमित्राला काय करतील ते मनात आलं की मी उठून दुसरं काम काढते. आज सगळ्या खोल्यांतल्या कंदिलांच्या काचा मोजल्या. कशासाठी मोजल्या ते मलाच माहीत नाही.

आणि माझं काय? ‘बाई बरोबर आहेत’ हे शब्द माझे नव्हते, पण मी ते ऐकून घेतले होते.

१६ फेब्रुवारी

केळुसकरला सगळं सांगितलं. ऐकून त्याचा चेहरा उतरला. पण तेवढा प्रसंग कापायला तयार होईना.

“बाई, एकच प्रत आहे. कर्ज काढून केलेली. आणि ते कापलं तर सिनेमात उरतं काय?”

“दोन मुली उरतात. जिवंत.”

“तुम्ही फार पुढचा विचार करता.”

“तुम्ही खेळ दाखवून निघून जाणार. मला इथंच राहायचं आहे.”

तो नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, “त्या पोरी घाबरलेल्या नाहीत, बाई. तुम्हीच घाबरलात.”

मी त्याला म्हणाले, घाबरण्यासाठी आधी माणसं ओळखावी लागतात. उत्तर बरोबर होतं. खोलीत आल्यावर मात्र मी दाराची कडी दोनदा तपासली.

२० फेब्रुवारी

गोदामात जाऊन मशीनवाल्या बलभीमला भेटले. तो जत्रेतल्या तंबूत सिनेमे दाखवतो. कारखान्यानं त्याचं मशीन भाड्यानं आणलं आहे. रिळं चार आहेत, तो प्रसंग दुसऱ्यात आहे.

“दुसरं लावू नकोस.”

“शिनेमाचा मालक हिथंच बसंल की बाई.”

“मालकाचं मी बघते.”

बलभीम हसला. “जत्रंत तर म्या येकदा शेवटचं रीळ पयलं लावलं व्हतं. मेलेला हिरो उटून नाचाय लागला. लोकांनी शिट्ट्या हाणल्या. कुणाला काय पडलंय बाई, लोकांला हलतंय म्हंजी झालं.”

ठरलं. आज जेवण गेलं.

२२ फेब्रुवारी

पार पडलं. हे आधी लिहिते.

गोदामाच्या झरोक्यांना पोती लावली होती. माणसं रिकाम्या बारदानावर बसली. पोरं पुढं, तिथल्या फरशीवरची साखर बोटानं टिपून चाटत होती. वीरप्पा, त्यांचे भाऊ, गुरुलिंगअप्पा आणि इरम्मा यांना खुर्च्या. मी मशीनजवळ स्टूल घेतलं. संघमित्रा सांगितल्याप्रमाणे पार मागं, दाराशी.

पहिलं रीळ लोकांना आवडलं. शिवलीला भेळवाल्याशी घासाघीस करते तेव्हा वीरप्पा मांडीवर थाप मारून हसले. “आमच्या दुकानात बसवाया पायजे हिला,” म्हणाले. रीळ संपलं. बलभीमनं माझ्याकडं पाहिलं आणि तिसरा डबा उघडला.

पडद्यावर दोन-चार दृश्यं सरकली असतील नसतील, केळुसकर अंधारातून आला. “हे तिसरं आहे. थांबव.”

“चालू दे,” मी म्हणाले.

तो माझ्याकडं पाहत राहिला. मला वाटलं आरडाओरडा करेल. केला नाही. बाहेर जाऊन चिपाडाच्या ढिगावर बसला. तिथून तो खेळ संपेपर्यंत हलला नाही.

तिसऱ्या रिळात दोघींचा अबोला आहे. शिवलीला गल्ल्यांतून मैत्रिणीला शोधत फिरते. संघमित्रा एकटी बस स्टॉपवर उभी. गळ्यात ती डबी. मुठीत धरून सारखी मागं वळून बघते. मला वाटलं होतं डबी फक्त दुसऱ्या रिळातच आहे. हेही त्याच तापाच्या दिवशी घेतलं असणार. पण इथं ती कुणी घातली ते दिसत नाही, म्हणून निभावलं.

लोक बोलत होतेच. “डबी हिच्या गळ्यात कशी आली?” “चोरली आसंल.” “बग की, मागं कशी बगतीया.” हशा झाला. इरम्मा गुरुलिंगअप्पांना कानडीत काही म्हणाल्या. लोकांना गोष्ट नीट कळली नाही. पण सिनेमा आहे, न कळला तर काय बिघडलं? जे दिसायला नको होतं ते दिसलं नाही.

वीरप्पा खुशीत गेले. शिवलीला माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गोदामाचं दार उघडलं तेव्हा संघमित्राची जागा रिकामी होती. गर्दी व्हायच्या आत खोलीवर गेली असावी. शिस्तीची मुलगी.

केळुसकर डबे घेऊन लातूरला गेला. तिथं दोन खेळ ठरले आहेत.

२४ फेब्रुवारी

लिहायला नको वाटतं.

सकाळी टँकर आला. पुतळाबाई घागर घेऊन परतल्या त्या बोलतच. “बाई, ज्ञानोबाच्या बायकोला रांगंतनं काढलं. तिच्या गावाला टँकर न्हाय, दोन कोस चालून आल्ती. म्हनल्या, चोराच्या घरची घागर मदी नगं. ती बिचारी म्हनली, आवं त्यो सिनेमा हाय. तर म्हनल्या, नावं खरी, पोरी खऱ्या, मग चोरी तेवढी खोटी व्हय?”

मी म्हणाले, दोन दिवसांत विसरतील.

दुपारी वीरप्पा आले, बरोबर धाकटा भाऊ. शिवलीला कॉलेजात होती. म्हणाले, “बाई, पोरीच्या गळ्यात डबी हाय, परवा बघितली. तिची काळजी न्हाय. पण एकदा हात पडला म्हंजी पडला. इरम्मांनी इचारलं आमाला, तुमची पोरगी कुणासंगं ऱ्हाती म्हनून. जरा त्या दुसरीची पेटी बघा.”

“वीरप्पा, तो सिनेमा होता.”

“मुंबईत घडलं तसंच काढलंय म्हनत्यात. तुमी व्हता की तितं. तुमी सांगा, न्हाय घडलं?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य उच्चारलं की डबी कुणी काढली आणि कुणाच्या गळ्यात घातली, हेही सांगावं लागलं असतं. भाऊ दाराला टेकून उभा होता. त्याच्या हातांकडं माझं लक्ष होतं.

मी संघमित्राला बोलावलं आणि पेटी उघडायला सांगितली.

तिनं उघडली. दोन परकर-पोलकी, एक साडी, पुस्तकं, बापानं दिलेलं एक जुनं घड्याळ. भावानं घड्याळ उचलून उलटसुलट पाहिलं. “हे कुणाचं?”

“बाबांचं.”

बाकीच्या मुली व्हरांड्यात उभ्या होत्या. मी त्यांना हाकललं नाही. हाकललं असतं तर झडती झाली असं वाटलं असतं. उघड्यावर झाली की ती नुसती पाहणी, असा काहीतरी विचार त्या वेळी मनात आला. आता लिहिताना तो कुठून आला ते सापडत नाही.

ते गेल्यावर संघमित्रा कपड्यांच्या घड्या घालत बसली. साडीची घडी मोडली नव्हती, तरी तिनं ती उलगडून परत घातली.

२५ फेब्रुवारी

ज्ञानोबा आला. पाळी सुटल्यावर तसाच, बॉयलरच्या साफसफाईची राख अंगावर. आत बस म्हटलं तर बसला नाही.

“बाई, पोरीला न्याया आलोय.”

“परीक्षा पंधरा दिवसांवर आली ज्ञानोबा.”

“व्हय.”

“वर्ष जाईल तिचं.”

“जाऊ द्या. म्या बॉयलरपुढं उभा ऱ्हातो, भाजलं तर बोंबलत न्हाय. पर पेटी उगडून बगितली तुमी. तुमी. दुसऱ्या कुनी बगितली आसती तर म्या तुमच्याकडंच आलो आसतो.”

संघमित्रा पेटी घेऊन आली. माझ्या पाया पडली. वसतिगृह सोडताना पडतात, मीच लावलेली पद्धत. दोघं फाटकातून गेली आणि मी हजेरीपटात तिच्या नावापुढं ‘घरी’ असं लिहिलं.

संध्याकाळी शिवलीला आली. “दुसरं रीळ कुणी काढलं?”

“मी. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी?” तिचा आवाज चढला नाही. “माझं काय गेलं? गेली ती.”

“तुला कळत नाही शिवलीला. तुझे काका...”

“मला कळतंय. तुम्ही माझ्या काकांना भिता. मी बी भिते. पण तिची पेटी उघडली नसती मी.”

उद्या शिवरात्र. उपास तसाही झाला असता.

२७ फेब्रुवारी

भीती कमी होत नाही, फक्त जागा बदलते. आधी वाटायचं, लोकांनी ते रीळ पाहिलं तर काय होईल. आता वाटतं, पाहिलं नाही तर ती मुलगी जन्मभर चोर राहील. या भागात एकदा चिकटलेलं नाव चितेवरच जळतं. आणि ते नाव मी चिकटवलं. वीरप्पानं नाही, बलभीमनं नाही.

हैदराबादला बी.ए.ला असताना आमचे प्राध्यापक म्हणायचे की भित्र्या माणसाला दोन्ही बाजू दिसतात. तेव्हा ही स्तुती वाटली होती.

सकाळी चेअरमनसाहेबांकडं गेले. मी म्हणाले, रविवारी पुन्हा खेळ लावा, चारही रिळं. कारण सांगितलं. त्यांनी पानाचा डबा बंद केला.

“बाई, तुम्ही शिकलेल्या. मिटलेलं उकरू नये, एवढं तरी कळायला पाहिजे.”

“मिटलं नाही साहेब. एका मुलीच्या अंगावर पडलं आहे.”

“निवडणूक आहे कारखान्याची. वीरप्पाचे शेअर किती आहेत माहीत आहेत का?”

“नाहीत.”

“मग काय काढायचंय ते तुम्ही काढा. गोदाम देतो. पण मार्च संपला की तुमची जागा मोकळी करायची. ते जमत असेल तर बोला.”

जमेल, मी म्हणाले. एकवीस वर्षांची नोकरी आणि मी चप्पल घालायलाही विसरले. शिपायानं फाटकाशी आणून दिली.

केळुसकरला लातूरला निरोप धाडला. वीरप्पांना आणि गुरुलिंगअप्पांना माणूस पाठवून कळवलं की राहिलेला भाग दाखवणार आहे. ज्ञानोबालाही कळवलं.

१ मार्च

केळुसकर सकाळीच डबे घेऊन आला. गर्दी दुपटीनं. काहीतरी होणार हे लोकांना कळतं, कुणी सांगावं लागत नाही. वीरप्पांचे दोन्ही भाऊ दारात उभे राहिले, आत बसले नाहीत. ज्ञानोबाच्या घरचं कुणी आलं नाही.

मी पडद्यापुढं जाऊन उभी राहिले. वर्गात एकवीस वर्षं उभी राहिले, तसा आवाज आज निघेना. म्हणाले, “मागच्या रविवारी दुसरं रीळ मी लावू दिलं नाही. त्यात काय आहे ते पाहा. मग बोला.” आणखी चार वाक्यं ठरवली होती. ती आठवली नाहीत.

बलभीमनं मशीन सुरू केलं. तो प्रसंग मीही पहिल्यांदाच पाहिला. समुद्राचा कठडा, वारा. दोघी काहीतरी खात बसल्या आहेत. शिवलीला गळ्यातून दोरा काढते. पाठमोरी होऊन खाली वाकून काहीतरी करते, वळते, आणि डबी संघमित्राच्या गळ्यात घालते. संघमित्रा हसते. हसताना तिचे खांदे, हनुवटी, सगळं थरथरतं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर खूप वेळ राहतो. इतका आनंद झालेली मुलगी मी पडद्यावर काय, समोरही कधी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कुणीतरी म्हणालं, “आँ, हिनंच घातली की.” मग एकदम सगळे बोलायला लागले. दारातून धाकटा काका पुढं आला, “बंद कर ते.” बलभीम मशीनवर आडवा झाला. वीरप्पा उभे राहिले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पडद्याचा उजेड पाठीवर होता.

“लिंग काढून दिलं माज्या पोरीनं?”

शिवलीला बायकांतून उठली. मी तिला बस म्हणून खूण केली. ती बसली नाही. पण तिनं तोंड उघडायच्या आत इरम्मांनी काठी फरशीवर आपटली.

“खाली बस रे वीरप्पा, म्हातारीला दिसंना. त्या पोरीची डावी मूठ बग. घट हाय का न्हाय? पापडाचा तुकडा तिनं उजव्या हातानं उचलला, डाव्या हातानं कठडा बी धरला न्हाय. नुसती डबी, रिकामी करडगी दिली तिनं. लिंग हातात हाय.”

“व्हय अज्जी,” शिवलीला म्हणाली.

“व्हय काय? करडगी तरी द्यायची काय नड व्हती? भवानी.” मग गुरुलिंगअप्पांकडं वळून त्या काही कानडीत बोलल्या. त्यातला ‘बघू’ एवढाच अर्थ समजला.

काकाचा पाय थांबला होता, माघारी गेला नव्हता. वीरप्पा मला म्हणाले, “बाई, परीक्षेपत्तुर ऱ्हाऊ द्या हिला. फुडचं आमी बघू.” आणि गेले. बरेच लोक त्यांच्यामागं गेले. राहिले त्यांनी चारही रिळं पाहिली. टँकरच्या रांगेतल्या दोन-तीन बायका त्यांत होत्या, मी मुद्दाम पाहिलं.

हे काही मिटलेलं नाही. आज फाटकाला आतून साखळी लावली आहे.

४ मार्च

ज्ञानोबाचं गाव कारखान्यापासून दोन कोसांवर. चालत गेले. वाटेत खडीच्या कामावर बायका होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, “हीच ती बाई,” पण कुठली ती, ते मला समजलं नाही.

ज्ञानोबानं घोंगडी टाकली. मी बसले. त्याची बायको पाणी घेऊन आली, अर्धा तांब्या. अर्ध्या तांब्याची किंमत या वर्षी मला माहीत आहे. प्याले.

“रविवारचं कळलं आमाला,” तो म्हणाला. “पर पोरगी येत न्हाय म्हनती.”

“मी विचारते तिला.”

“इचारा.”

संघमित्रा चुलीपुढं बसली होती. मी सांगितलं की परीक्षा बुडवू नकोस, पेपर होईपर्यंत माझ्या खोलीत राहा, मी दारात झोपेन. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग विचारलं, “आणि शिवलीला?”

“ती दोन दिवस जेवलेली नाही. नाटकं करते.”

तेव्हा ती जरा हसली. “नाटकंच करती ती.” आणि उठून पेटी भरायला लागली.

ज्ञानोबा वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडायला आला. आत आला नाही.

७ मार्च

जीपमधून वीरप्पांचा धाकटा भाऊ येऊन गेला. फाटक उघडलं नाही. तो म्हणाला, “तुमी म्हाताऱ्या झाला बाई.” मी म्हणाले, “हो.” थोडा वेळ हॉर्न वाजवून गेला. दोघी आत मोठ्यानं इंग्रजीची उत्तरं पाठ करत होत्या, हॉर्नपेक्षा मोठ्यानं.

गुरुलिंगअप्पांकडून अजून काही कळलेलं नाही. शिवलीलाला त्याचं दुःख दिसत नाही. मी विचारत नाही.

११ मार्च

उद्या पहिला पेपर. संध्याकाळी शिवलीला पाण्याच्या रांगेत गेली होती. संघमित्रा आणि मी खोलीत दोघीच. मी तिच्या पेनात शाई भरत होते. बोलायचं म्हणून म्हणाले, “तो प्रसंग मी पाहिला. किती आनंद झाला होता गं तुला. सबंध गोदाम बघत राहिलं.”

ती पुस्तकातून वर बघेना.

“आनंद न्हाय बाई. भ्याले व्हते.”

एरवी ती माझ्यासमोर शुद्ध बोलते.

“कशाला?”

“तिनं डबी घातली, आन् मला वाटलं, आता मारत्यात. तितं कोन न्हवतं आपल्याकडचं, तरीबी. काडाया गेले तर केळुसकर सर म्हनले, हलू नको, लई छान, हसत ऱ्हा. म्हनून हसले. हात हालू नयेत म्हनून मांडीखाली घातले. तवा खांदं हालाय लागले.”

“शिवलीलाला सांगितलंस?”

“तिला लई आवडलं व्हतं घालताना. तिला कसं सांगू?”

“पण तेव्हाच सांगायचं होतंस. मुंबईत. परत आल्यावर तरी.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. उद्धटपणा नव्हता, खरंच विचारत होती.

“कुनाला बाई?”

बोटांना शाई लागली होती. ती पुसायला मी बाहेर गेले आणि रांगेतून शिवलीलाचा आवाज येईपर्यंत बाहेरच उभी राहिले.